काळी नाही ना, मग झालं

गोदामाच्या फरशीला कुणी विचारत नाही. मालक छपराची उंची मिरवतात, शटर मिरवतात, आलेल्या पाहुण्याला मान वर करायला लावून रॅक दाखवतात. खाली कुणी बघत नाही. पंचवीस वर्षं मी या शहराच्या आसपास, वाळूजला, शेंद्र्याला, करमाडच्या रस्त्याला, गोदामांच्या फरशांची डिझाइनं करत आले आहे, आणि प्रत्येक नव्या मालकाने पहिल्या भेटीत मला एकच वाक्य ऐकवलं आहे, "मॅडम, फ्लोअरिंगच तर आहे, त्यात काय डिझाइन करायचं?" आधी मी समजावून सांगायचे, मग चिडायला लागले. माझा स्वभाव तसा तापट आहे, घरचे म्हणतात नाकावर राग. पण अशाच एका फरशीपायी मी एका बाईचा जीव जायची वेळ आणली, आणि त्यानंतर कुणावर चिडायचा हक्क मला उरलेला नाही.

मी मालकांना समजावून सांगायचे ते असं. घराच्या स्लॅबला खालून बीम असतात, भिंती असतात, हात देणारं कुणीतरी असतं. गोदामाची फरशी जमिनीवर नुसती पडलेली असते. आठ इंच काँक्रीट, खाली दाबलेला मुरूम आणि त्याच्या खाली जे असेल ते. गोधडीवर पोळपाट ठेवून मधोमध बोट दाबलं तर काही होत नाही, कडेला दाबलं की तो कलंडतो. फरशीचं तसंच आहे. ती एकसंध ठेवता येत नाही, नाहीतर आपल्याआपण कुठेही तडकते, म्हणून ठरावीक अंतरावर तिच्यात सांधे कापावे लागतात आणि प्रत्येक सांधा म्हणजे एक कड. त्यावर पाच मजली रॅक उभे राहतात. रॅकच्या एका पायावर सहा टन. पाठीला पाठ लावून दुसरा रॅक, त्याचा पाय अगदी शेजारी. म्हणजे तळहाताएवढ्या दोन लोखंडी पट्ट्यांवर बारा टन. हे ओझं काँक्रीट पेलत नाही, ते फक्त वाटून देतं. पेलते ती माती.

आणि आमच्याकडे माती म्हटली की काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून भिंती उचलते. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने तिच्यापायी एकदा तरी तोंड पोळून घेतलेलं आहे. मी तिशीत असताना वाळूजला एक फरशी इतकी वर आलेली पाहिली की कारखान्याचं दार उघडेना. तेव्हापासून मी ताकही फुंकून प्यायला शिकले. काळी दिसली की ती खणून काढायची, मुरूम थराथराने दाबायचा, खड्डा चार दिवस पाण्याने भरून ठेवायचा आणि भिजलेल्या मातीची ताकद तपासायची. काँक्रीट ओतायच्या आधी तीन वेळा स्वतः जाऊन बघायचं. हा माझा नेम होता आणि मला त्याचा गर्व होता. हा नेम मी फक्त काळीसाठी पाळते, बाकी मातीसाठी नाही, हे मात्र कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

करमाडजवळच्या त्या गोदामाची जागा मी पहिल्यांदा पाहिली ती मे महिन्यात. गिअर आणि ओतीव लोखंडाचे सुटे भाग ठेवायचं गोदाम होणार होतं, म्हणजे माल वजनाला भयंकर. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. जागेवरचा एक उंचवटा त्याने आधीच काढायला घेतला होता. मी तीन कोपऱ्यांत तीन खड्डे घ्यायला सांगितले. खणायला जवळच्या वस्तीवरची माणसं होती. त्यांच्यात पन्नाशीची एक काटक बाई होती. मी आल्या आल्या तिने "जयभीम, मॅडम" म्हटलं, मीही म्हटलं, आणि तिने पहार हातात घेतली. पुढे मी तिला मावशी म्हणू लागले, खरं तर ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल.

पहिल्या खड्ड्यातून राखाडी, पांढुरकी माती निघाली. उन्हाने वाळून इतकी घट्ट झालेली की पहार वाजत होती. ढेकूळ हातात घेऊन चुरलं तर पिठासारखं झालं. त्यात खापराचा एक तुकडा होता, एका बाजूने काळवंडलेला. मी तो बाजूला टाकला. दुसऱ्या खड्ड्यात तीच माती. तिसऱ्यातही तीच.

मावशी म्हणाली, "ही जुन्या गावाची माती हाय, मॅडम. पांढरी. आमचं गाव पयले इथं व्हतं म्हणत्यात. पटकीत उठलं."

"काळी नाही ना?" मी विचारलं.

"काळी नाय."

"मग झालं," मी म्हणाले.

मी इतकी खूश झाले होते की सगळ्यांसाठी रस्त्यावरच्या टपरीवरून चहा मागवला. मला हसताना बघून मावशीही हसली.

ती माती मला ओळखू आली नाही असं मी म्हणू शकत नाही. मी शेतकऱ्याच्या घरातली. पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा आणि काळी म्हणजे रान, हे आमच्याकडे पोरांना शिकवावं लागत नाही. माझे काका दर उन्हाळ्यात ओसाड गावठाणातून ती माती गाड्या भरभरून आणायचे आणि रानात पसरायचे, कारण ती खतासारखी कसदार असते. कसदार का असते? तर ती मुळात माती नसतेच. ती राख असते, शेण असतं, पडलेल्या भिंती असतात, पिढ्यानपिढ्यांचा केरकचरा असतो. कोरडी असते तोवर ती दगड असते आणि पाणी लागलं की बसते. मी त्या गाडीवर बसून आलेली पोरगी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, काळी आहे का. नव्हती. पुढे मी काही विचारलंच नाही.

खड्डे भिजवले नाहीत. मातीवर लोखंडी थाळी ठेवून दाब देऊन बघतात ती चाचणी मी कोरड्यातच उरकली. आकडा इतका चांगला आला की नऊ इंचांची फरशी मी आठ इंचांवर आणली आणि शेठला ते फोन करून सांगितलं. कुणी मागितलं नव्हतं. मला शाबासकी हवी होती, ती मिळाली. ओतायच्या आधीच्या माझ्या तीन फेऱ्या असतात, त्यातल्या दोन मी केल्या नाहीत. काळी नव्हती ना.

फरशी झाली ती आरशासारखी. रॅक आले, माल आला, एक पावसाळा गेला. फरशीचं दुखणं मालकाला कधीच आधी कळत नाही, ते फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला कळतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याला मी माझा नंबर देऊन ठेवते. दिवाळीच्या आधी इथल्या फोर्कलिफ्टवाल्याचा फोन आला. शहागंजकडचा, पिकल्या दाढीचा माणूस, वीस वर्षं गाडी चालवलेला.

"मॅडम, चार नंबर गल्लीमें फ्लोर बोलरा," तो म्हणाला. "खाली गाडी लेके गया तो भी बोलरा. आप एक बार आके सुनो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तिथे पोहोचले. दोन रॅकच्या रांगांमधल्या वाटेला तिथे गल्ली म्हणतात. चौथ्या गल्लीत शिरून मी लोखंडी गज फरशीवर आपटत चालले. ठण, ठण, ठण. गल्लीच्या मध्याच्या थोडं पुढे, एका सांध्याजवळ, आवाज बदलला. बद. मी मागे आले. ठण. पुढे गेले. बद. खाली बसून सांध्यावरून नख फिरवलं, एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेलेली लागली. रॅकच्या पायाच्या पट्टीपासून केसाएवढी एक भेग सांध्यापर्यंत गेली होती.

"काय झालं, मॅडम?" मागून आवाज आला. मावशी होती. गोदाम सुरू झाल्यावर तिला तिथेच झाडलोटीचं काम लागलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातात रुंद, लांब दांड्याचा झाडू होता.

मी तिला उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "इथे आधी काय होतं, आठवतं का काही?"

तिने झाडूचा दांडा उलटा करून बरोब्बर त्या सांध्यावर टेकवला. "इथंच की, मॅडम. सपाटी करताना जेसीबीचं चाक गेलं व्हतं खाली. पेव व्हतं. सासूबाई सांगायच्या, गावची जवारी त्यात ठेवायचे. तोंड लहान, पोट लई मोठं. चार मान्सं हुबी ऱ्हातील येवढं."

"मग काय केलं त्याचं?"

"दोन ट्रॉल्या दगडं टाकली ठेकेदारानं अन् रोलर फिरवला. तुम्ही आलाच नाय त्या दिवसांत. अन् पेव काय एकटं नसतं, शेजारी शेजारी असत्यात."

मी वर पाहिलं. पाच मजले, सगळे भरलेले. छपराचं पाणी वाहून नेणारा पाइप याच गल्लीच्या फरशीखालून जातो, हे मला नकाशावरून माहीत होतं, कारण तो नकाशा मीच तपासला होता. एका पावसाळ्यात त्या पाइपच्या कुठल्यातरी जोडातून पाणी झिरपलं असणार, दगडांमधली राख धुऊन खाली गेली असणार. आमची आठ इंच फरशी आता खालच्या पोकळीवर नुसती तरंगत होती, आणि नेमकी तिची कड त्या पोकळीवर होती. कड बसली की पाय बसणार, पाय बसला की रांग कलणार, आणि एक रांग कलली की ती दुसरीवर जाणार. खाली गल्लीत जो असेल तो ओतीव लोखंडाखाली जाणार. यासाठी कुठलंही गणित लागत नव्हतं. हे मला पावणेदहा वाजता, तिथे उभ्या उभ्या, संपूर्ण कळलं.

मी ओरडायला हवं होतं. "सगळे बाहेर या." एवढे तीन शब्द.

मी म्हणाले, "बघते," आणि बाहेर येऊन गाडीत बसले.

मला भीती वाटली. माझीच वाटली, माझ्या नावाची. ते तीन शब्द तोंडातून गेले की परत घेता येणार नव्हते. त्यानंतर का, कसं, कुणी तपासलं होतं, असं सगळं एकामागून एक निघणार होतं, आणि त्या सगळ्याच्या शेवटी माझी सही होती. पंचवीस वर्षांत मी एक-एक काम जोडत आले होते. बाईमाणूस फरशा काय करणार म्हणणाऱ्यांना मी जागेवर उभी राहून उत्तरं दिली होती. आता ते सगळे म्हणणार होते, बघा. मी स्वतःला सांगितलं, आधी गणित करून बघू. कदाचित फरशी ती पोकळी ओलांडून पेलत असेल. खात्री नसताना लोकांना घाबरवणं बरं नाही. असं म्हटलं की कसं जबाबदारपणाचं वाटतं!

गाडी शटरच्या समोर उभी होती. शटर उघडं होतं. चौथी गल्ली तिथून सरळ दिसत होती.

मी मांडीवर कागद घेतला. पेवाचं पोट सहा फूट धरलं. फरशी तुटत होती. मी पाच फूट धरलं. तुटत होती. मग मी साडेचार धरलं, का ते विचारू नका. सांध्यातल्या सळया जेवढं ओझं पलीकडे नेतील त्याहून जास्त नेतील असं धरलं, तरी तुटत होती. चौथ्यांदा मी पेव तीन फुटांवर आणलं आणि उत्तर जेमतेम जमलं. मला हुंदका आला, सुटल्यासारखा. मग मी समोर पाहिलं. मावशी झाडूवर वजन टाकून चौथ्या गल्लीतून येत होती. ती टोकाला आली, वळली आणि परत आत गेली. सांध्यावरून गेली. तिच्या मागून फोर्कलिफ्ट आली, थांबली, माल उतरवला, गेली. मावशीच्या सासूने सांगितलेलं चार माणसांचं पेव मी कागदावर तीन फुटांचं केलं होतं. पोकळीला मी कागदावर कितीही लहान केलं तरी जमिनीखाली ती होती तेवढीच होती, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी मी तो कागद उलटा करून पाचव्यांदा गणित मांडलं.

देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं. मी देवाला काय मागत होते, तर फक्त आज पडू नये. उद्या मी काहीतरी करीन. आज नको.

साडेबारा वाजता मी शेठला फोन केला. तोही अशा आवाजात, की चौथ्या गल्लीत थोडा संशय आहे, माल हलवता आला तर बरं.

"मॅडम, तीन वाजता कंपनीचे लोक गोदाम बघायला येतायत," शेठ म्हणाला. "आज गल्ली रिकामी दाखवू का त्यांना? एवढं असेल तर लेखी द्या."

मी लेखी दिलं. मोबाइलवर लिहिलं, की पाहणीत काही ठिकाणी जमिनीच्या आधाराबाबत शंका दिसून येत असून खबरदारी म्हणून भार कमी करण्याचा विचार व्हावा. ते वाक्य मी चार वेळा घासूनपुसून गुळगुळीत केलं. पाच मिनिटांत शेठचा फोन परत आला.

"यात कुठं लिहिलंय रिकामं करा म्हणून? पडणार आहे का नाही पडणार, ते सांगा ना मॅडम सरळ."

ऐकायला बहिरा म्हणून ज्याला मी हिणवलं होतं त्याने नेमकं ऐकलं होतं. मी तसं बोललेच नव्हते. मी समोर बघितलं. मावशी आता सांध्याच्या जवळच उकिडवी बसून, रॅकच्या पायापाशी साचलेला कचरा हाताने गोळा करत होती. अगदी त्या पायापाशी. मी लिहिलं, "फरशी पडणार आहे. खाली पोकळी आहे. माती मी नीट तपासली नाही, चूक माझी आहे. चौथी गल्ली आत्ता रिकामी करा." पाठवलं, दार उघडलं आणि पळत सुटले. शटरमधूनच ओरडले. सव्वा वाजला होता.

सगळे बाहेर आले. मावशी सर्वांत शेवटी, कचऱ्याचं सूप हातात घेऊन.

पण माणसं बाहेर काढून काम संपत नाही. वर माल तसाच होता, आणि तो काढायचा तर कुणीतरी गाडी घेऊन परत त्याच गल्लीत जायला हवं होतं. हे मी त्या फोर्कलिफ्टवाल्याला कसं सांगू? पण तो माझ्या आधीच गाडीत चढून बसला होता. मी त्याला क्रम सांगितला: सांध्याच्या अलीकडे थांबायचं, फोर्क लांबवून वरचा मजला आधी, मग खालचा, सांध्यावर चाक न्यायचं नाही. मी सांध्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक हात ओढला, म्हणजे फरशी केसभर जरी हलली तरी त्याला चीर दिसेल, आणि तिथेच बाजूला गुडघे टेकून बसले.

"आप बाहर जाओ, मॅडम," तो म्हणाला.

"तुम्ही आत आणि मी बाहेर, असं नाही चालायचं."

"दोनों दबेंगे तो निकालने कौन आएगा?" तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

एकेक पॅलेट उतरत होतं. प्रत्येक वेळी वजन उचललं गेलं की रॅक कुरकुरायचा. मी त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होते. मी मनात नुसतं थांब, थांब, थांब म्हणत होते, कुणाला ते माहीत नाही. शेठ शटरमध्ये उभा होता. तीन वाजता येणाऱ्या लोकांना त्याने फोन करून नको म्हणून सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. खालच्या मजल्यावरची शेवटची दोन पॅलेटं राहिली तेव्हा पट्ट्याला चीर पडली. मी हात वर केला. त्याने गाडी मागे घेतली, एक पॅलेट तेवढं फोर्कवर होतं, ते घेऊनच. तो गल्लीच्या तोंडाशी पोहोचला आणि मागे धप्प आवाज झाला, मोठा नाही, धान्याचं पोतं उतरवल्यासारखा. सांध्याची एक बाजू चार बोटं खाली गेली. रॅक कलला, शेजारच्या, आधीच रिकाम्या केलेल्या रॅकला टेकला आणि तसाच थांबला.

कुणाला काही झालं नाही.

तीन दिवसांनी ती फरशी फोडली तेव्हा खाली माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. तळाशी पाणी आणि दगड, आणि एका बाजूला पेवाची भिंत तशीच शाबूत, लिंपलेली, त्यावर कुणाच्यातरी बोटांचे फराटे. शेजारी दुसरं पेव निघालं. शेठने दुरुस्तीचं काम दुसऱ्या इंजिनिअरला दिलं, आणि मला वाटलं होतं तसं माझं नाव काही बुडालं नाही. उलट तो सगळीकडे सांगत सुटला, की चूक तर कुणाच्याही हातून होते, पण मॅडमनी वेळेवर पकडली, लिहून दिलं, स्वतः आत जाऊन बसल्या. आता करमाडच्या रस्त्याला माझ्याविषयी हीच गोष्ट सांगतात. वेळेवर. हा शब्द कुणी उच्चारला की मला तिथून उठून जावंसं वाटतं, आणि मी उठत नाही, बसून ऐकते.

रॅक कलला त्याच संध्याकाळी, पाच वाजता, बायकांची सुटी झाली. मावशी आवारातल्या नळावर हातपाय धूत होती. फोर्कलिफ्टवाला तिच्याजवळ माझं कौतुक करून नुकताच गेला होता, आणि मी जवळ गेले तशी तिने ओले हात जोडले. मला ते बघवेना. ते हात तसेच सोडून मी घरी गेले असते तर मला कुणी काही म्हणणार नव्हतं. पण त्या दिवशी मी एवढं एकच धड केलं.

"मावशी," मी म्हणाले, "मला सकाळीच कळलं होतं. तुम्ही दांडा टेकवून दाखवलंत ना, तेव्हाच. तुम्ही आत झाडत होता आणि मी गाडीत बसून होते. साडेतीन तास."

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसले.

"म्हाईत हाय की, मॅडम. दिसत व्हत्या तुम्ही गाडीत, कागद घिऊन. मला बी भ्याव वाटत व्हतं तिथं जाताना, पेव म्हाईत व्हतं ना. पण म्हणलं, मॅडम समोरच बसल्यात. धोका असता तर त्यांनी आवाज दिला असता. म्हणून झाडत ऱ्हायले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. झालं ते ती सांगत होती. मग तिने डबा उचलला आणि इतर बायकांबरोबर रस्त्याकडे गेली.